टाइप-सी एक्सपान्शन बोर्ड: वीज कुठून द्यावी आणि त्यावरचे दिवे काय सांगतात

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नागपूरच्याच एकांनी घरच्या कूलरसाठी ईएसपी३२ वर (प्रोग्राम करता येणारी, वायफायवाली चिप असलेला छोटा बोर्ड) कंट्रोलर केलाय. ईएसपी३२ बसवलाय स्क्रू-टर्मिनलवाल्या एक्सपान्शन बोर्डात, म्हणजे त्याला वीज पोचवणाऱ्या आणि त्याच्या पिना स्क्रूंवर काढून देणाऱ्या बोर्डात. त्या बोर्डाला एक टाइप-सी सॉकेट आहे, एक गोल डीसी जॅक आहे आणि एक लाल दिवा. एका रिलेवर (ईएसपी३२ च्या इशाऱ्याने चालू-बंद होणारा स्विच) पंप, दुसऱ्यावर पंखा. त्यांचं म्हणणं असं: "फोनच्या नव्या चार्जरला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली तर दिवाच लागत नाही. जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलने लावलं की दिवा लागतो, पण रिले ओढताना बोर्ड रीस्टार्ट होतो. दिवा तर सगळा वेळ लागलेलाच असतो, मग वीज कमी कशी पडेल? जॅकला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावू का? आणि दोन्ही एकदम लावले तर?"

हे दिसायला चार प्रश्न आहेत. पहिला, केबलचा, सर्वस्वी वेगळा आहे. उरलेल्या तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: दिवा लागलाय म्हणजे वीज पुरतेय. मी गेली चौदा वर्षं असे छोटे बोर्ड बनवते आणि दुरुस्त करते, आणि दुरुस्तीला येणारे निम्मे लोक पहिलं वाक्य हेच बोलतात, "मॅडम, लाइट तर लागतो." म्हणून जरा लांबण लावते.

काही गोष्टी तुमच्या हातातल्या बोर्डावर अवलंबून आहेत. एकाच नावाचे, एकाच रंगाचे बोर्ड आपल्या बर्डीच्या बाजारात दोन दुकानांतून घेतले तर आतली जोडणी वेगळी निघू शकते. त्यामुळे मी 'असंच असतं' म्हणते तिथे मीटर लावून खात्री करा.

आधी केबल. टाइप-सीच्या नियमाप्रमाणे चार्जर सॉकेटवर पाच व्होल्ट तयार ठेवून बसत नाही. समोर कोणी आहे का हे तो सीसी१ आणि सीसी२ या दोन पिनांवर बघतो. घेणाऱ्या बोर्डाने त्या प्रत्येक पिनेपासून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा एक-एक रेझिस्टर लावायचा असतो. तो दिसला की चार्जर वीज सोडतो, नाही दिसला तर गप्प राहतो. स्वस्त बोर्डांवर हे दोन रेझिस्टर लावलेलेच नसतात. जुन्या चपट्या तोंडाच्या यूएसबीवर मात्र पाच व्होल्ट कायम असतात, समोर कोणी असो वा नसो, म्हणून त्या केबलने तुमचा दिवा लागतो. चार्जर बिघडलेला नाही आणि केबलही नाही. ही चूक फक्त स्वस्त बोर्डवाल्यांचीच असते असंही नाही. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर होता, त्यामुळे चिप असलेल्या भारी केबलींवर तो पाय चालू होत नसे. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते सुधारलं.

उपाय दोन. हात स्थिर असेल आणि भिंग असेल तर दोन रेझिस्टर सोल्डर करा. पण त्या सॉकेटच्या पिना अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर असतात, आणि काही सॉकेटांत सीसीच्या पिनाच बाहेर काढलेल्या नसतात. नाहीतर जुन्या तोंडाचा चार्जर आणि चपटी-ते-सी केबल वापरा आणि विषय मिटवा. घरच्या कूलरसाठी मी हा दुसरा उपायच करेन.

इथे एक भीती काढून टाकते, कारण ती पुढे विचारली जातेच. ६५ वॉटचा लॅपटॉपचा चार्जर लावला तर बोर्ड जळेल का? नाही. पॉवर डिलिव्हरीचा (पीडी, म्हणजे बोलून व्होल्टेज ठरवायची टाइप-सीची पद्धत) चार्जर सुरुवात पाच व्होल्टनेच करतो. ९, १५ किंवा २० व्होल्ट तो तेव्हाच देतो, जेव्हा समोरची चिप त्याच्याशी बोलून ते मागते. तुमच्या बोर्डावर अशी चिप नाही, म्हणजे मागणारं कोणी नाही. वॉट हा चार्जरचा आवाका आहे, तो बोर्डावर ढकलला जात नाही. आणि बाजारात मिळणाऱ्या ट्रिगर बोर्डाने (चार्जरकडे जास्त व्होल्टेज मागणारा छोटा बोर्ड) टाइप-सीतून १२ व्होल्ट काढायच्या भानगडीत पडू नका. पीडीच्या ठरलेल्या पायऱ्यांत १२ सक्तीची नाही, बरेच चार्जर त्या जागी ९ देतात.

आता दिवा. बोर्डावरचा लाल दिवा म्हणजे एक एलईडी आणि त्याच्या मागे एक रेझिस्टर, बहुधा १०२ छापलेला, म्हणजे एक किलोओहमचा. लाल एलईडीला पेटायला दोन व्होल्टच्या आसपास लागतात. पाच व्होल्टच्या पट्टीवर (बोर्डभर ती वीज नेणारी तांब्याची वाट) त्यातून तीन मिलिअँपिअर जातात. पट्टी घसरून ४.३ वर आली तरी २.३ मिलिअँपिअर जातातच. हा फरक डोळ्याला कळत नाही, त्यातून मे महिन्याच्या उजेडात तर नाहीच. पट्टी पार तीन व्होल्टवर आली तरी दिवा लागलेलाच दिसेल. रीस्टार्ट घडवणारी घसरण तर काही मिलिसेकंदांची असते, तेवढ्यात दिवा मिचकला तरी आपल्याला दिसायचा नाही. तुमचा दिवा खोटं बोलत नाहीये, त्याला फक्त 'इथे काहीतरी व्होल्टेज आहे' एवढंच सांगता येतं.

तो दिवा कुठल्या पट्टीवर बसलाय हेही बघा. वीज काढून मीटर बीपवर ठेवा, एक टोक एलईडीच्या रेझिस्टरच्या बाहेरच्या पायाला, दुसरं आळीपाळीने ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट आणि जॅकच्या मधल्या पिनेला. जॅकच्या बाजूला बीप आली तर तो दिवा फक्त अडॅप्टर खोचलाय एवढंच सांगतो, पुढचा रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारी चिप) मेला तरी तो लागेल. ३.३ वर बसलेला दिवा त्यातल्या त्यात कामाचा, कारण तिथवर वीज यायला रेग्युलेटर जिवंत लागतो. निळा एलईडी ३.३ वर असेल तर तो मुळातच मंद असतो, कारण त्यालाच तीनेक व्होल्ट लागतात. ते बघून घाबरू नका.

वीज काढूनही दिवा मिणमिणत असेल तर मात्र थांबा. म्हणजे बोर्डात वीज चोरवाटेने शिरतेय, बहुधा एखाद्या सिग्नलच्या तारेतून. लॅपटॉपला जोडलेला दुसरा मॉड्यूल किंवा वेगळ्या अडॅप्टरवरचा सेन्सर त्याच्या डेटाच्या पिनेतून तुमच्या चिपला मागच्या दाराने खाऊ घालत असतो. चिपच्या आतले संरक्षक डायोड त्यासाठी बनलेले नाहीत.

रिले मॉड्यूलवरचे दिवे तर आणखी फसवे. तो दिवा ऑप्टोकपलरच्या, म्हणजे इशारा आत घेणाऱ्या भागाच्या, बाजूला असतो, स्विच ओढणाऱ्या कॉइलच्या नाही. ईएसपी३२ ने 'चालू' सांगितलं एवढंच तो दाखवतो. दिवा लागतो पण 'टिक' ऐकू येत नाही, असं झालं तर कॉइलला वीज कमी पडतेय असं समजा. पाच व्होल्टच्या त्या निळ्या डब्यांना ओढायला पावणेचार व्होल्टपर्यंत लागू शकतात.

आता रीस्टार्ट. वीज किती लागते ते कागदावर मांडू. वायफायवर पाठवताना ईएसपी३२ सुमारे २४० मिलिअँपिअर खेचतो. ईएसपी३२ बनवणारी कंपनी एस्प्रेसिफ म्हणूनच किमान ५०० मिलिअँपिअरचा पुरवठा ठेवायला सांगते. पाच व्होल्टच्या रिलेची एक कॉइल सत्तर-बहात्तर, दोन म्हणजे दीडशेच्या जवळ. छोटा डिस्प्ले आणि किरकोळ मिळून चाळीसेक. सगळं एका क्षणी आलं तर साडेचारशे मिलिअँपिअर. फोनचा कुठलाही चार्जर हे हसत देतो. मग अडतं कुठे?

वाटेत. साध्या बारीक केबलमध्ये २८ गेजची तार असते (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक), तिचा विरोध मीटरमागे ०.२१ ओहम. दीड मीटरची केबल, वीज जाते आणि परत येते म्हणून तीन मीटर धरा: साधारण ०.६४ ओहम. साडेचारशे मिलिअँपिअरला तिथेच ०.२९ व्होल्ट गेले. पुढे एक्सपान्शन बोर्डावर वीज उलटी जाऊ नये म्हणून बहुधा एक शॉटकी डायोड असतो, त्याचे ०.३ धरा. पाचातले उरले ४.४. आणि ईएसपी३२ च्या छोट्या बोर्डावरच्या १११७ रेग्युलेटरला ३.३ द्यायला त्याच्या वर साधारण १.१ व्होल्ट लागतात, म्हणजे ४.४ च! तुम्ही अगदी काठावर उभे आहात. कॉइल ओढली जाण्याच्या आणि वायफायच्या धक्क्याची वेळ जुळली की पाय घसरतो. हीच केबल २४ गेजची घेतली तर ०.२९ च्या जागी ०.११ व्होल्टच जातात. केबलीवर बारीक अक्षरांत गेज छापलेला असतो, तो वाचून घ्या. लांबी एक मीटरच्या आत ठेवा. रिले मॉड्यूलच्या पाच व्होल्ट आणि ग्राउंडच्या स्क्रूंमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन-ऋण बघून. यूएसबीच्या नियमात जोडणाऱ्या उपकरणाला दहाच मायक्रोफॅरडची मुभा आहे, त्यामुळे एवढा मोठा कपॅसिटर लावून लॅपटॉपच्या सॉकेटला जोडू नका. चार्जरला मात्र माझ्या अनुभवात कधी त्रास झालेला नाही.

पण हे सगळं करण्याआधी दहा मिनिटांची एक चाचणी करा. रिलेच्या संपर्कावरून पंप आणि पंखा काढून ठेवा आणि रिले नुसता टिकटिकवा. तरी रीस्टार्ट झालं तर दोष वरच्या हिशोबात आहे. थांबलं तर वीज पुरते आहे आणि त्रास मोटरचा आहे: संपर्क सुटताना ठिणगी पडते आणि तिचा धक्का तारांतून बोर्डात शिरतो. ओढताना रीस्टार्ट म्हणजे बहुधा पुरवठा, सोडताना रीस्टार्ट म्हणजे बहुधा ठिणगी. ठिणगीसाठी तयार स्नबर (ठिणगी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) मिळतो, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, तो मोटरच्या दोन टोकांवर लावा. त्यातला कपॅसिटर एक्स२ दर्जाचाच, म्हणजे घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर लावायला सुरक्षित असाच, हवा. त्याच्या जागी मोठा अडॅप्टर आणून काही होणार नाही, लोक नेमकं तेच आणतात.

आता १२ व्होल्ट. बोर्डावर जॅकजवळ '६.५ ते १६ व्होल्ट' असं छापलेलं असतं, आणि ते वाचून सगळे घरातला राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावतात. जॅकच्या मागे काय आहे ते बघा. तीन पायांची, मागे रुंद पत्री असलेली चिप असेल आणि तिच्यावर १११७ लिहिलेलं असेल तर तो लिनिअर रेग्युलेटर, जास्तीचे व्होल्ट तो नुसते उष्णतेत जाळतो. (त्याच्या मूळ डेटाशीटात कमाल १५ व्होल्ट आहेत, बोर्डवाले १६ कुठून छापतात ते त्यांनाच ठाऊक.) शेजारी काळी-करडी चौकोनी गुंडाळी असेल, १०० किंवा २२० असं काही लिहिलेली, तर तो बक कन्व्हर्टर, जास्तीचे व्होल्ट न जाळता उतरवणारा, मग १२ व्होल्ट बिनधास्त लावा.

लिनिअर असेल तर हिशोब असा. सरासरी पाव अँपिअर, १२ वजा ५ म्हणजे ७ व्होल्ट, पावणेदोन वॉट. ती चिप वॉटमागे पन्नास ते नव्वद अंश तापते, खाली तांब्याची पट्टी किती रुंद आहे त्यावर. कमीत कमी धरले तरी ८७ अंश. नागपुरात मे महिन्यात सावलीत ४५, बंद डब्यात ५५ सहज. झाले १४२, आणि चिपची मर्यादा १२५ आहे. पुण्याच्या गॅलरीत जे चालून जातं ते इथे दुपारी दोनला चालत नाही. तशीच गोष्ट बोर्डावरच्या पॉलिफ्यूजची, म्हणजे जास्त प्रवाह आपोआप अडवणाऱ्या फ्यूजची. वीस अंशांना अर्धा अँपिअर सोडणारा पॉलिफ्यूज साठ अंशांना त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच सोडतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये मी असाच डबा लावला होता, १२ व्होल्ट, लिनिअर, वर हिरवा दिवा. पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीला. एप्रिलभर छान चालला. मेमध्ये रोज एक ते चारच्या दरम्यान रीस्टार्ट, संध्याकाळी आपोआप बरा. मी दोन आठवडे वायफायच्या मागे लागले, राउटर बदलायला लावला, प्रोग्रामही पुन्हा लिहिला. ऑपरेटर रोज सांगायचा, "दिवा तर हिरवाच आहे." शेवटी दुपारी तीनला जाऊन रेग्युलेटरला बोट लावलं आणि बोटाला फोड आली. बक मॉड्यूल घातलं, त्रास संपला. आकडा दिसतो म्हणून तो खराच, असं मी तेव्हापासून मानत नाही. २०२४ च्या मेअखेर आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आठवतं ना? गावभर चर्चा झाली, आणि नंतर कळलं की सेन्सरच बिघडला होता.

तर जॅकच वापरायचा असेल आणि मागे लिनिअर असेल, तर साडेसात व्होल्टचा अडॅप्टर घ्या. तेवढाच पाव अँपिअर, पण जळतो सव्वासहाशे मिलिवॉट. तुमच्या कामाला मात्र जॅकची गरजच नाही. पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा साधा चार्जर आणि जाड, आखूड केबल पुरे.

दोन्ही एकदम? नको. ईएसपी३२ च्या डेव्हकिट बोर्डाबद्दल एस्प्रेसिफचं म्हणणं स्पष्ट आहे: यूएसबी, ५ व्होल्टची पिन, ३.३ ची पिन, यांपैकी एकाच वाटेने वीज द्या, नाहीतर बोर्ड किंवा पुरवठा बिघडू शकतो. काही एक्सपान्शन बोर्डांवर दोन्ही वाटांवर डायोड असतात, मग ज्याचं व्होल्टेज जास्त तो देतो आणि दुसरा गप्प बसतो. पण तुमच्यावर ते आहेत की नाहीत हे कळेपर्यंत नाहीत असंच धरा. लॅपटॉपवरून प्रोग्राम टाकताना चार्जर काढा. आणि एक: एक्सपान्शन बोर्डावरच्या टाइप-सीतून बहुतेक वेळा फक्त वीज येते, डेटाच्या तारा नसतात. तिथून लॅपटॉपला पोर्ट दिसला नाही तर ड्रायव्हर शोधत बसू नका, ईएसपी३२ च्या स्वतःच्या सॉकेटला केबल लावा.

पॉवर बँकवर चालवायचा विचार असेल तर तो सोडा. बऱ्याच पॉवर बँका भार कमी झाला की अर्ध्या मिनिटाने स्वतःच झोपतात, फोन भरला असं समजून. शिवाय लाइट गेली तर कूलरच बंद पडणार, मग बोर्ड जागा ठेवून थंड कोणाला करायचंय?

आता मी दिवे कसे ठेवते ते सांगते, कारण तुम्ही नवा दिवा लावायच्या बेतात असाल. जास्त दिवे लावत नाही. ३.३ वर एक, आणि प्रोग्रामच्या हातात एक. बहुतेक ईएसपी३२ बोर्डांवर जीपीआयओ २ ला (प्रोग्रामच्या ताब्यातली २ नंबरची पिन) निळा एलईडी असतोच, तोच वापरते. सेकंदाला एक छोटी मिचकी म्हणजे प्रोग्राम चालू आहे. नुसता लागून राहिला किंवा विझून राहिला तर प्रोग्राम अडकलाय. चालू होताना ईएसपी३२ ला स्वतःच्या मागच्या रीसेटचं कारण विचारता येतं. ते ब्राउनआउट असेल, म्हणजे वीज घसरून झालेलं, तर सुरुवातीला पाच जलद मिचक्या. मग घरी जे कोणी असेल ते फोनवर सांगू शकतं, "पाचदा लुकलुकला," आणि मला कळतं की केबल बघायची, प्रोग्राम नाही.

याहून खोलात जायचं असेल तर पाच व्होल्टवरून दोन १० किलोओहमचे रेझिस्टर लावून अर्धं व्होल्टेज जीपीआयओ ३४ ला द्या आणि दर सेकंदाला वाचा. ईएसपी३२ मध्ये व्होल्टेज मोजणारे दोन भाग आहेत, एडीसी१ आणि एडीसी२; ही पिन एडीसी१ ची आहे, वायफाय चालू असताना एडीसी२ वाचता येत नाही. मिलिसेकंदाची घसरण यात सापडेलच असं नाही, पण दुपारी पट्टी हळूहळू खाली जातेय का हे मात्र नक्की दिसेल. रास्पबेरी पायच्या बऱ्याच मॉडेलांवरचा लाल दिवा असाच खराखुरा पहारेकरी आहे: ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तो विझतो. आपल्या एक्सपान्शन बोर्डांवर ते नसतं. हवं तर व्होल्टेज ४.३८ च्या खाली गेलं की इशारा देणारी तीन पायांची सुपरवायझर चिप लावून करता येतं, ती स्वस्त असते.

एक गोष्ट विचारली नाहीत, तरी सांगते. पत्र्याचा कूलर, पाणी आणि २३० व्होल्ट. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भात वाचायला मिळते. अर्थिंग तपासा, त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवा, आणि बोर्डाचा डबा कूलरच्या पत्र्यावर नाही तर भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर. टाकीत हात घालताना प्लग काढा. रिले बंद आहे म्हणून चालतं असं नाही, तो एकच तार तोडतो.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. पंप आणि पंखा काढून रीस्टार्ट होतं का. दोन्ही रिले ओढलेले असताना एक्सपान्शन बोर्डाच्या ५ व्होल्टच्या स्क्रूवर मीटर किती दाखवतो. आणि जॅकमागच्या चिपचा एक स्वच्छ फोटो. मीटरवर ४.६ च्या खाली आकडा आला तर केबल बदलूनच पुढचं बोलू.